क्लाइन मॉडेल १: माझा गुणक ३.६६ येतोय, यायला हवा १.८ च्या आसपास. कुठे चुकतंय?

आकडेवेडा

नमस्कार मंडळी. राष्ट्रीय उत्पन्न कसं ठरतं हे एम.ए.च्या वर्गाला फळ्यावरच्या ४५ अंशांच्या रेषेपलीकडे जाऊन दाखवायचं आहे. त्यासाठी अर्थतज्ज्ञ लॉरेन्स क्लाइन यांचं अमेरिकेवरचं मॉडेल १ स्प्रेडशीटमध्ये उभं करतोय. माहिती १९२० ते १९४१ ची, १९३४ च्या किमतींना अब्ज डॉलरमध्ये. मागच्या वर्षाचे आकडे लागतात म्हणून वापरायला २१ ओळी उरतात.

समीकरणं अशी मांडली आहेत. उपभोग अवलंबून आहे यंदाचा नफा, गेल्या वर्षीचा नफा आणि एकूण पगार (खासगी अधिक सरकारी) यांवर. निव्वळ गुंतवणूक अवलंबून आहे यंदाचा नफा, गेल्या वर्षीचा नफा आणि वर्षारंभीचं भांडवल यांवर. खासगी पगार अवलंबून आहे यंदाचं उत्पादन, गेल्या वर्षीचं उत्पादन आणि कालप्रवाह यांवर. त्याखाली तीन नित्यसमीकरणं (व्याख्येनेच खरी असणारी): उत्पादन, नफा आणि भांडवलाची बेरीज.

अडचणी तीन. पहिली, लिनेस्ट फंक्शनने गुणांक काढले तर उपभोगात यंदाच्या नफ्याचा गुणांक ०.१९३ आणि गुंतवणुकीत ०.४८० येतो. त्यावरून सरकारी खर्चाचा गुणक (खर्च १ ने वाढला तर उत्पादन किती वाढतं तो आकडा) ३.६६ निघतो, आणि छापील तक्त्यांतल्या गुणांकांवरून तो १.८ च्या आसपास निघतो. दुसरी, १९२१ चं उत्पादन माझ्याकडे ४८.३ येतं, मूळ रकान्यात ४५.६ आहे. तिसरी, सहाही समीकरणं एकमेकांना जोडली की शीट 'सर्क्युलर रेफरन्स' म्हणून ओरडतं.

तिरपी_रेषा

दुसरी अडचण आधी मिटवू, कारण ती दोन मिनिटांची आहे. तुम्ही सरकारी पगार दोनदा मोजताय. या माहितीसंचात 'सरकारी खर्च' म्हणून जो रकाना आहे तो पगार वगळून उरलेला खर्च आहे, आणि 'उत्पादन' म्हणजे फक्त खासगी क्षेत्राचं उत्पादन. १९२१ ची ओळ हातानेच करून पाहा: उपभोग ४१.९, निव्वळ गुंतवणूक उणे ०.२, सरकारी खर्च ३.९. बेरीज ४५.६. तुम्ही त्यात सरकारी पगाराचे २.७ घातलेत, म्हणून ४८.३. पुढे नफा म्हणजे उत्पादन वजा कर वजा खासगी पगार, म्हणजे ४५.६ − ७.७ − २५.५ = १२.४. तुमच्या शीटमध्ये तो १५.१ दाखवत असणार.

हा घोळ होण्याचं कारणही आहे. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या सिस्टिमफिट पॅकेजात हाच संच मिळतो आणि तिथे उत्पादनाच्या रकान्याचं नावच 'जीएनपी' आहे. नाव वाचून माणूस सरकारी पगार मिळवणारच. राष्ट्रीय उत्पन्न हवं असेल तर ते शेवटी वेगळं काढा: खासगी उत्पादन + सरकारी पगार − कर.

आणखी दोन रकाने जपून. 'कर' म्हणजे अप्रत्यक्ष कर अधिक निव्वळ निर्यात, अशी ती गोळाबेरीज आहे. भांडवलाच्या रकान्यात वर्षाच्या *सुरुवातीचं* भांडवल आहे. १९२० च्या ओळीत १८०.१, त्यात त्या वर्षाची गुंतवणूक २.७ मिळवली की १९२१ च्या ओळीत १८२.८. तिथून उणे ०.२ झाले की १९२२ ला १८२.६. ही साखळी प्रत्येक ओळीत जुळते का ते तपासल्याशिवाय एकही गुणांक काढू नका. गुंतवणुकीच्या समीकरणात चुकून वर्षाअखेरचं भांडवल घेतलंत तर त्यात यंदाची गुंतवणूक आधीच बसलेली असते, म्हणजे गुंतवणुकीनेच गुंतवणूक समजावून सांगितल्यासारखं होतं.

आता मुख्य दुखणं. लिनेस्ट साधी न्यूनतम वर्ग पद्धत चालवतं, म्हणजे ओएलएस. ओएलएसला हवं असतं की उजवीकडची चलं समीकरणाच्या धक्क्याशी (समीकरणाला न कळलेल्या चढउताराशी) जोडलेली नसावीत. इथे नेमकं उलटं आहे. लोकांनी काही कारणाने यंदा जास्त खर्च केला, की उत्पादन वाढतं, उत्पादन वाढलं की नफा वाढतो. म्हणजे उपभोगाचा धक्का नफ्यात जाऊन बसतो, आणि ओएलएस त्याचं श्रेय नफ्याला देऊन टाकतं. अर्थमितीतज्ज्ञ हावेल्मो यांनी १९४३ मध्ये हीच गोष्ट दाखवून दिली होती.

उपाय टूएसएलएस, दोन टप्प्यांचा. पहिल्या टप्प्यात यंदाचा नफा आणि खासगी पगार हे दोन्ही सगळ्या पूर्वनिश्चित चलांवर (बाहेरून किंवा गेल्या वर्षीच ठरलेल्या) बसवा: सरकारी खर्च, कर, सरकारी पगार, कालप्रवाह, गेल्या वर्षीचा नफा, वर्षारंभीचं भांडवल, गेल्या वर्षीचं उत्पादन. ही सात, अधिक स्थिरांक. पगाराच्या समीकरणासाठी यंदाचं उत्पादनही तसंच बसवायचं. *सगळी* म्हणजे सगळी. त्या त्या समीकरणात दिसतात तेवढीच घेतली तर उत्तर वेगळं येईल. २१ ओळी आणि ८ गुणांक, म्हणजे १३ मुक्तांश (ओळी वजा गुणांक) उरतात. दुसऱ्या टप्प्यात मूळ नफ्याच्या जागी अंदाजित नफा घाला, आणि पगाराच्या जागी अंदाजित खासगी पगार अधिक *खरा* सरकारी पगार.

उत्तर असं आलं पाहिजे:

उपभोग = १६.५५ + ०.०१७ × नफा + ०.२१६ × गतवर्षीचा नफा + ०.८१० × एकूण पगार

गुंतवणूक = २०.२८ + ०.१५० × नफा + ०.६१६ × गतवर्षीचा नफा − ०.१५८ × भांडवल

खासगी पगार = १.५०० + ०.४३९ × उत्पादन + ०.१४७ × गतवर्षीचं उत्पादन + ०.१३० × कालप्रवाह

कालप्रवाह म्हणजे साल वजा १९३१. १९२१ ला उणे १०, १९४१ ला १०. तिथे १, २, ३ असे आकडे घातले तर उतार तोच राहील, पण स्थिरांक जुळणार नाही.

गुणक कसा फिरतो ते बघा. उत्पादन १ ने वाढलं की पगार ०.४३९ ने वाढतो आणि नफा उरलेल्या ०.५६१ ने. टूएसएलएसमध्ये त्यातून परत मागणीत येतात (०.०१७ + ०.१५०) × ०.५६१ + ०.८१० × ०.४३९ = ०.४४९. गुणक १ ÷ ०.५५१ = १.८२. तुमच्या ओएलएसमध्ये उपभोगातला पगाराचा गुणांक ०.७९६ असणार, म्हणून (०.१९३ + ०.४८०) × ०.५६१ + ०.७९६ × ०.४३९ = ०.७२७. गुणक १ ÷ ०.२७३ = ३.६६. माहिती तीच, समीकरणं तीच, आणि गुणक दुप्पट. कर १ ने वाढवल्याचा परिणाम तर उणे ०.३० वरून उणे २.४७ वर जातो! वर्गाला हेच दाखवा, ४५ अंशांची रेषा बाजूला ठेवून.

शून्याचा_पाढा

तिरपी_रेषा यांच्या उत्तरात लिनेस्टबद्दल दोन सूचना जोडतो, कारण हाताने टूएसएलएस करताना हमखास इथे पाय घसरतो.

एक, लिनेस्ट गुणांक *उलट्या* क्रमाने देतं. तुमचा शेवटचा रकाना उत्तरात पहिला येतो आणि स्थिरांक सगळ्यात उजवीकडे. पहिल्या टप्प्यात सात चलं असताना हे विसरलात तर भांडवलाचा गुणांक कराला लागतो आणि अंदाजित नफा भलताच येतो. तपासणी सोपी: अंदाजित नफ्याची सरासरी खऱ्या नफ्याच्या सरासरीइतकी तंतोतंत यायला हवी.

दोन, दुसऱ्या टप्प्यात लिनेस्ट जी स्टँडर्ड एरर (गुणांक किती अनिश्चित आहे त्याचं माप) दाखवतं ती फेकून द्या. ते रेसिड्यूअल (खरा आकडा वजा समीकरणाचं उत्तर) काढतं अंदाजित नफा घेऊन; बरोबर रेसिड्यूअल काढायचं ते दुसऱ्या टप्प्याचे गुणांक आणि *खरा* नफा, *खरा* पगार घेऊन. ते दुरुस्त केल्यावरही उपभोगातल्या नफ्याच्या गुणांकासाठी कुणाकडे ०.११८ येईल, कुणाकडे ०.१३१. दोन्ही बरोबर. एकाने वर्गबेरजेला २१ ने भागलंय, दुसऱ्याने १७ ने. ग्रेटल या सॉफ्टवेअरमध्ये क्लाइनचा संच आयताच मिळतो, तिथे ताळा करून घ्या.

मात्र टूएसएलएसला देव्हाऱ्यात बसवू नका. ०.०१७ च्या गुणांकावर ०.११८ ची स्टँडर्ड एरर म्हणजे तो गुणांक शून्यच म्हणायचा. एलआयएमएल या दुसऱ्या पद्धतीने तोच गुणांक उणे ०.२२२ येतो, म्हणजे नफा वाढला तर उपभोग घटतो! तिन्ही समीकरणं एकत्र बसवणाऱ्या थ्रीएसएलएसने ०.१२५. गुंतवणुकीतल्या ०.१५० ची स्टँडर्ड एरर ०.१७३ आहे. तेवढा एकच गुणांक एका स्टँडर्ड एररने वर नेला आणि बाकी सगळं होतं तसं ठेवलं, तर १.८२ चा गुणक २.२० होतो. २१ ओळींतून याहून जास्त पिळून निघत नाही. वर्गात '१.८२' असं छातीठोक सांगण्यापेक्षा ही रुंदी सांगितलेली बरी. पगाराच्या समीकरणात मात्र ओएलएसवरून टूएसएलएसवर गेलात तरी ०.४३९ जागचा हलत नाही (थ्रीएसएलएसने तो ०.४०० येतो), कारण पहिल्या टप्प्यात उत्पादनाचा अंदाज फार चांगला बसतो.

आकडेवेडा

दोघांचेही आभार. उत्पादन जुळलं, गुणांक तिसऱ्या दशांशापर्यंत जुळले. लिनेस्टचा उलटा क्रम हाच माझा दुसरा अपराध होता. आता सर्क्युलर रेफरन्सचं काय करू? 'इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन' चालू केलं तर आकडे येतात, पण एकदा एका पेशीत चूक झाली की सगळं शीट एरर दाखवत अडकून बसतं.

वाटाणा_उसळ

ते अडकणारच. पेशी अ ला ब लागते, ब ला अ लागते. एकदा एरर शिरली की ती स्वतःलाच खाऊ घालत राहते, मूळ चूक दुरुस्त केली तरी. म्हणून वर एका पेशीत ०/१ चा खटका ठेवा. उत्पादनाचं सूत्र असं लिहा की खटका ० असेल तर गतवर्षीचं उत्पादन घे, १ असेल तर उपभोग + गुंतवणूक + सरकारी खर्च. अडकलं की ० करा, शीट शुद्ध होतं, मग परत १.

फेऱ्यांची काळजी नको. दर फेरीत चूक ०.४४९ पट होते, म्हणजे ९ फेऱ्यांत हजारावा भाग. तुमच्या जुन्या ओएलएस गुणांकांनी तेवढ्यालाच २२ फेऱ्या लागल्या असत्या. एक्सेल न सांगता १०० फेऱ्यांपर्यंत जातं आणि बदल ०.००१ च्या खाली गेला की थांबतं, ते इथे पुरेसं आहे.

पण खरं सांगू, इतकं छोटं रेषीय मॉडेल फिरवत बसायची गरजच नाही. उत्पादनासाठी एकदाच सोडवून टाका:

उत्पादन = [३६.८३ + ०.८३२ × गतवर्षीचा नफा − ०.१५८ × भांडवल + ०.८१० × सरकारी पगार + सरकारी खर्च − ०.१६७ × कर + ०.६४३ × (१.५०० + ०.१४७ × गतवर्षीचं उत्पादन + ०.१३० × कालप्रवाह)] ÷ ०.५५०७

१९२१ चे आकडे घाला: गतवर्षीचा नफा १२.७, भांडवल १८२.८, सरकारी पगार २.७, सरकारी खर्च ३.९, कर ७.७, गतवर्षीचं उत्पादन ४४.९, कालप्रवाह उणे १०. उत्तर ५०.३ यायला हवं. मग पगार २८.९, नफा १३.७, उपभोग ४५.१, गुंतवणूक १.३. बेरीज पुन्हा ५०.३ होते, म्हणजे शीट बरोबर.

आता तुम्ही म्हणाल, खरं उत्पादन ४५.६, आणि मॉडेल ५०.३ म्हणतंय, मग बिघडलंय कुठे? कुठेच नाही. १९२१ च्या खऱ्या आकड्यांवर तिन्ही समीकरणांचे रेसिड्यूअल काढा: उपभोग उणे ०.४५, गुंतवणूक उणे १.२८, पगार उणे १.३२. एकेकटं पाहिलं तर फार काही नाही. पण उणे ०.४५, उणे १.२८ आणि ०.६४३ × उणे १.३२ यांची बेरीज उणे २.५८, आणि तिला १.८१६ ने गुणलं की उणे ४.७. गुणक सरकारी खर्चाला जसा फुगवतो तसाच चुकीलाही फुगवतो. एकेका समीकरणाचा आर-वर्ग (ते माहितीवर किती चपखल बसतं त्याचं माप) ०.९ च्या वर पाहून 'मॉडेल झकास' म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून पाहावा. अंदाज वर्तवणारे म्हणूनच प्रत्येक समीकरणाच्या शेवटी एक हाताने भरायची पेशी ठेवतात, तिला अ‍ॅड फॅक्टर म्हणतात. तुम्हीही ठेवा. त्यात रेसिड्यूअल भरले की मॉडेल इतिहास हुबेहूब परत देतं. देत नसेल तर एखादं नित्यसमीकरण तुटलंय.

तिरपी_रेषा

वर्गासाठी अजून एक पान जोडा. सरकारी खर्च फक्त एका वर्षासाठी १ ने वाढवा, पुढच्या वर्षी परत पूर्ववत. मागच्या वर्षाचे आकडे आता माहितीतून न घेता मॉडेलच्याच उत्तरांतून घ्यायचे. इथे बरेच जण गतवर्षीच्या नफ्याचा दुवा बदलतात आणि भांडवलाचा विसरतात. मग भांडवल वाढतच नाही आणि खालचा उतार दिसत नाही.

उत्पादनातला फरक असा येईल: पहिल्या वर्षी १.८२, दुसऱ्या वर्षी १.८१, मग १.१९, ०.४५ आणि पाचव्या वर्षी उणे ०.१८. म्हणजे खर्च बंद झाल्यावरही दुसरं वर्ष जवळजवळ पहिल्याइतकंच जोरात. कारण गुंतवणूक यंदाच्या नफ्यापेक्षा गेल्या वर्षीच्या नफ्यावर चौपट झुकते (०.६१६ विरुद्ध ०.१५०). मग साठलेलं भांडवल ०.१५८ च्या दराने पुढची गुंतवणूक खाऊ लागतं आणि पाचव्या वर्षी उत्पादन आधीच्या पातळीच्याही खाली जातं. मॉडेलची मूळं (काळाबरोबर ते कसं हलतं हे ठरवणारे आकडे) काढली तर एक ०.३० आणि दोन संमिश्र. त्यांतून साधारण १४.७ वर्षांचं आवर्तन निघतं, दर वर्षी ०.८४५ पट विरत जाणारं. व्यापारचक्र बाहेरून आणून बसवावं लागत नाही.

खर्च कायमचा १ ने वाढवला आणि बाकी सगळं स्थिर ठेवलं, तर शेवटी निव्वळ गुंतवणूक शून्यावर येते आणि उत्पादन २.३३ ने वर स्थिरावतं. वाटेत ते त्याहून बरंच वर जाऊन खाली येतं. आलेखात तो फुगवटा मुलांना दाखवा.

मधला_भाव

हे सगळं भारताच्या आकड्यांवर करायचं कुणाच्या मनात असेल, तर क्लाइनची समीकरणं जशीच्या तशी उचलू नका. पगार आणि नफा असे दोन भाग आपल्याकडे सरळ पडत नाहीत. निफाडच्या कांदा उत्पादकाच्या उत्पन्नात त्याची स्वतःची मजुरी किती, जमिनीचा खंड किती आणि नफा किती, हे राष्ट्रीय लेख्यांतही वेगळं होत नाही. ते 'मिश्र उत्पन्न' म्हणून एकत्रच राहतं. स्वयंरोजगार एवढा मोठा असताना ते सगळं नफ्यात टाकलं तर नफ्याचा उपभोगातला गुणांक वाढतो आणि आपण त्यातून भलतेच निष्कर्ष काढतो. त्यापेक्षा उपभोग खर्चायोग्य उत्पन्नावर बसवा. परदेशातून घरी येणारे पैसे त्यात धरायला विसरू नका. ते देशांतर्गत उत्पादनात नसतात, पण खर्च इथेच होतात, आणि २०२२ मध्ये ते १०० अब्ज डॉलरच्या वर होते.

निव्वळ निर्यात कराच्या रकान्यात ढकलण्याची क्लाइनची युक्तीही इथे चालणार नाही. आयातीचं स्वतंत्र समीकरण हवं, आणि त्यात शक्यतो तेल वेगळं. आयात ÷ उत्पादन असं सरसकट गुणोत्तर सीमांत आयात प्रवृत्ती (उत्पन्न १ ने वाढलं की आयात किती वाढते ती) म्हणून वापरू नका. कच्चं तेल येतं आणि डिझेल होऊन परत जातं, हिऱ्यांचंही तेच. ती आयात निर्यातीपोटी होते, घरच्या मागणीपोटी नाही. ती गुणकाच्या छेदात घातली तर गुणक विनाकारण बारीक होतो.

नित्यसमीकरण जुळवताना खासगी उपभोग, सरकारी उपभोग, स्थिर भांडवल निर्मिती, साठ्यातला बदल, मौल्यवान वस्तू, निर्यात आणि आयात एवढं घेऊनही बेरीज चुकेल. खर्चाच्या बाजूला 'विसंगती' नावाची ओळ असते, ती बहिर्जात (मॉडेलबाहेर ठरलेली) म्हणून मॉडेलमध्ये ठेवावीच लागते. ती गाळून उत्पादन स्वतः बेरजेने काढलंत, तर काही वर्षांचा वाढीचा दरच वेगळा निघेल. आणि २००४-०५ व २०११-१२ या पायाभूत वर्षांच्या मालिका शेवटाला शेवट लावून चिकटवू नका. २००४-०५ पासूनची मागची मालिका २०११-१२ च्या किमतींवर नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आहे, ती घ्या.

ताळ्यासाठी एक आकडा देतो: एनआयपीएफपी या दिल्लीतल्या संशोधन संस्थेत बोस आणि भानुमूर्ती यांनी मोठ्या संरचनात्मक मॉडेलवरून सरकारी भांडवली खर्चाचा गुणक २.४५ आणि हस्तांतरणांचा ०.९८ काढला होता. तुमच्या मॉडेलमध्ये 'सरकारी खर्च' ही एकच पेशी असेल तर ती आधी फोडा. रस्त्याचा रुपया आणि अनुदानाचा रुपया एकाच रकान्यात घातला तर येणारा गुणक दोघांपैकी कुणाचाच नसतो.

आकडेवेडा

१९२१ साठी ५०.३ आलं. खटकाही बसवला. मधला_भाव, पुढच्या सत्रात भारताचं करताना पाऊस बहिर्जात चल म्हणून थेट उत्पादनात घालू की शेतीचं वेगळं समीकरण करू?

मधला_भाव

वेगळं समीकरण करा. क्लाइनच्या मॉडेलमध्ये उत्पादन मागणीने ठरतं. पाऊस पुरवठ्यावर मार करतो. एकाच समीकरणात दोन्ही घातलंत तर दुष्काळाच्या वर्षी सरकारी खर्च वाढवला की मॉडेल जास्त ज्वारी पिकवून दाखवेल. शेती उत्पादन पाऊस, सिंचन आणि गतवर्षीच्या भावावर ठरवा, बिगरशेती मागणीवर, आणि दोघांना जोडायला शेतमालाच्या किमती ठेवा. मागणी वाढली तर तिथे भाव वाढू द्या, टन नव्हे.